ऑर्किड कोणाचं

बेबीआत्या हॉलच्या मधोमध चटईवर मांडी घालून बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोर आमच्या संसारातली सगळी भांडी. एकेक उचलायची, खिडकीच्या उजेडात धरायची आणि काठावर कोरलेलं नाव मोठ्याने वाचायची.

“चि. सौ. कां. प्रणिता हिस, मामांकडून. हे तुझं.” परात माझ्या बाजूला सरकली. “सौ. इंदुमती वैरागडे. हे आमचं.” कढई श्रीरंगच्या बाजूला गेली.

कोर्टातलं सगळं आटोपलं होतं. सह्या झाल्या होत्या, वकिलांनी हात मिळवले होते. राहिली होती ती भांडी. श्रीरंग, म्हणजे महिन्याभरापूर्वीपर्यंतचा माझा नवरा, स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. मी एखादा चमचा जास्तीचा नेईन की काय, यावर त्याचं लक्ष होतं. माझा मोठा भाऊ, दादा, माझ्या वाटणीचं उचलून खाली टेम्पोत नेत होता.

नियम आत्याचा होता. ज्याच्या नातेवाइकाने नाव घालून दिलं, त्याचं भांडं. आमच्याकडे लग्नात नाव घातल्याशिवाय साधी वाटीही कुणी देत नाही. लग्नाच्या वेळी मला त्याचं हसू यायचं. म्हटलं, झारा कोण चोरून नेणार आहे? ही नावं कशासाठी घालतात ते मला त्या रविवारी समजलं.

आत्या श्रीरंगची सख्खी आत्या, पण नियम म्हणजे नियम. अडलं ते फक्त पाण्याच्या पिंपापाशी. त्यावर दोघांची नावं होती, ‘श्रीरंग-प्रणिता यांस, मित्रमंडळाकडून’. तो म्हणाला, मित्र माझे. मी म्हटलं, त्या मित्रांना जेवू कोणी घातलं? आत्याने थोडा वेळ विचार केला आणि पिंप त्याला दिलं, झाकण मला. या वाटणीला काही अर्थ नव्हता, पण दोघांपैकी कुणीच हरकत घेतली नाही. आपल्याला मिळालं नाही तरी चालेल, समोरच्याचं अर्धवट राहिलं पाहिजे, इथवर आम्ही आलो होतो.

खरं सांगायचं तर मला त्या भांड्यांतलं एकही नको होतं. त्या घरातून मला एकच गोष्ट हवी होती. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतलं ऑर्किड.

ते झाड घरात मी आणलं होतं. मी वीज खात्याच्या ऑफिसात होते. दिल्लीहून आलेल्या एका साहेबांच्या सत्कारासाठी टेबलावर ठेवायला कुणीतरी ते मागवलं होतं. पांढरी फुलं, मध्ये जांभळा ठिपका. साहेब शाल घेऊन विमानाला पळाले आणि झाड टेबलावरच राहिलं. सफाईवाली फुलं खुडून झाड टाकून देणार होती. मी ते मांडीवर घेऊन ऑटोने घरी आले. दीड-दोन महिन्यांत फुलं गळली, नुसती चार जाड पानं उरली आणि उन्हाळा लागला.

नागपूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. आणि हे झाड दमट रानातलं, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याला माती चालत नाही, मुळांना हवा लागते, ओल लागते, पण पाणी साचलं की कुजतं. इकडे दुपारी बादलीतलं पाणी तापतं. मी कुठून कुठून विचारून घेतलं. साल आणि कोळसा भरलेली प्लॅस्टिकची कुंडी एका स्टीलच्या गंजात ठेवली. गंज म्हणजे आमच्याकडचं भाताचं खोल पातेलं. त्याच्या तळाशी विटांचे तुकडे घालून त्यांवर पाणी ओतलं, म्हणजे कुंडी पाण्याला न टेकता खालून गारवा मिळत राहील. रात्री ते झोपायच्या खोलीत आणून कूलरजवळ ठेवायची. थेट झोतात नाही, बाजूला, जिथे वाळ्याच्या ताटीवरून येणारी ओलसर हवा लागेल तिथे. सकाळी ऑफिसला निघण्याआधी परत खिडकीत.

हे सगळं मी एकटीने केलं, आणि तेच मला आवडायचं. श्रीरंग एका दैनिकात उपसंपादक होता. कायम रात्रपाळी. तो संध्याकाळी निघायचा तेव्हा मी यायची, तो पहाटे यायचा तेव्हा मी झोपेत. सुरुवातीला आम्ही एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवायचो, मग फक्त दुधाचं सांगायला, मग त्याही बंद झाल्या. सुट्टीच्या दिवशी समोरासमोर आलो की भांडण. कशावरून ते आता आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण सांगण्यासारखं त्यात काही नाही. टॉवेल, त्याची बहीण, माझा आवाज. पहिल्याच उन्हाळ्यात तो झाडाकडे बघून म्हणाला होता, “फेकून दे ते. काडी झाली त्याची.” तेव्हा मी ठरवलं, हे मरू द्यायचं नाही. या घरात काहीतरी असं असेल की ज्याला त्याचा हात लागलेला नाही.

उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. झाड मेलं नाही. फुललंही नाही, पण पानं वाढली, मुळं कुंडीबाहेर आली, गंजात उतरली. ऑफिसात मी विटांच्या तुकड्यांचं तंत्र सगळ्यांना ऐकवायची. आणि आता, म्हणजे त्या जानेवारीत, थंडी पडल्यावर, खालच्या पानाच्या बगलेतून एक हिरवं टोक बाहेर आलं होतं. फुलाचा दांडा. घर सोडून मी खामल्याला खोली घेतली तेव्हा ते नुसतं दिसायला लागलं होतं. खोलीचं आवरेपर्यंत झाड तिथेच राहू दिलं, ही माझी एकच चूक. त्या रविवारी बघते तर टोक चांगलं बोटभर झालं होतं.

भांडी संपली. दादा खालून ओरडला, टेम्पोवाला घाई करत होता. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि गंजाला हात घातला.

“ते राहू दे,” श्रीरंग म्हणाला.

मी म्हटलं, झाड माझं आहे, मी आणलंय.

“गंज कोणाचा आहे ते बघ.”

आत्याने आत येऊन वाकून बघितलं. मला माहीत होतं काय लिहिलंय ते. ‘सौ. इंदुमती वैरागडे’. त्याची आई. आमच्या लग्नाआधीच गेली होती. मी म्हटलं, गंज ठेव तुझा, मला कुंडी दे. तो म्हणाला, कुंडी उचलून तर बघ.

मी उचलायला गेले. कुंडी हलली नाही. मुळं भोकांतून बाहेर पडून गंजाच्या आतल्या बाजूला चिकटली होती. एक-दोन नाही, सगळीकडून, भिंतीवर चुना मारल्यासारखी. झाड हवं तर मुळं तोडा, नाहीतर गंजासकट न्या.

“गंजासकट ने बाप्पा,” आत्या म्हणाली. “एका गंजाने काय होऊन राहिलं?”

“आईचा गंज मी देणार नाही,” श्रीरंग म्हणाला. “आणि झाडही देणार नाही.”

इतका वेळ मी आवाज चढवला नव्हता. दादाने घरून निघताना तसं बजावलं होतं. पण आता माझा तोल गेला. ज्याने हे झाड फेकून दे म्हटलं, त्याला आज दांडा दिसल्यावर पुळका आला? इतके उन्हाळे कोणी काढले? तू कधी एक थेंब पाणी घातलंस? मी आत्याला कूलरचं सांगितलं, विटांचं सांगितलं, रात्री उठून पानं पुसायची ते सांगितलं. बोलताना मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी आणखीच मोठ्याने बोलत होते.

तो माझं संपल्यावर म्हणाला, “आणि दुपारी?”

“दुपारी काय?”

“मे महिन्यात. दुपारी या खिडकीत काय होते माहीत आहे तुला? भांडं हाताला चटका देते. तुझ्या विटा अकरापर्यंत कोरड्या ठाक होऊन जातात. दुपारी ते कुठे राहत होतं असं वाटते तुला?”

मी खिडकीकडे बघितलं.

“न्हाणीत,” तो म्हणाला. “रोज दहाला उठत होतो मी. झोप अर्धी टाकून. न्हाणीत ओल्या गोणपाटावर ठेवायचो, वरच्या खिडकीची झडप अर्धी उघडी. तू यायच्या आधी परत खिडकीत. पाणी घालून.”

“खोटं बोलू नको.”

“आत्याला विचार. आत्या मागच्या मे महिन्यात आली होती ना दुपारची? न्हाणीत पाय ठेवायला जागा नव्हती.”

मी आत्याकडे पाहिलं. तिने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. “होतं बाई,” ती म्हणाली. “मले वाटलं तूच ठेवत असशील.”

या जागी मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. पुढे मी ही गोष्ट ज्या दोघी-तिघींना सांगितली, त्या सगळ्यांचे डोळे इथेच पाणावले. किती गोड, म्हणाल्या. मला गोड वाटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घरात एकच गोष्ट माझी एकटीची होती, आणि ती कधीच तशी नव्हती. मी ऑफिसात विटांचं कौतुक सांगत होते तेव्हा हा माणूस माझ्या पाठीमागे रोज माझं झाड उचलून नेत होता, आणि मला कळू न देता जागेवर ठेवत होता. याने मला तेवढंसुद्धा पुरतं मिळू दिलं नाही.

“मग सांगितलं काहून नाहीस?” मी विचारलं. रागात माझी भाषा माहेरची होते.

“फेकून दे म्हणालो होतो ना,” तो म्हणाला. “मग कसं सांगणार? तू वर्षभर ऐकवलं असतंस.”

ते खरं होतं. मी ऐकवलं असतं.

दादा जिना चढून आला होता, दारात उभा राहून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. म्हणाला, प्रणिता, सोड ना, एक झाड आहे, मी तुला दहा आणून देतो. मी म्हटलं, दादा, तू मध्ये पडू नको. मग श्रीरंगला म्हटलं, “मी झाड नेणार. गंज तुझ्या आईचा, तो तुला ठेव. मुळं तुटली तर तुटली.”

“मरेल ते.”

“मरू दे. माझ्या घरी मरू दे.”

त्याने गंजाचा काठ दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं आता हिसकणार. पण तो म्हणाला, “ओढ मग. माझ्यासमोर ओढ.”

मी एका हाताने कुंडी धरली, दुसऱ्या हाताने पानांच्या बुंध्याशी आधार दिला आणि ओढलं. मुळं तुटताना कोवळी काकडी मोडल्यासारखा आवाज येतो. एक तुटलं, मग दुसरं. आत्या “अगं, अगं” करत मागे सरकली. श्रीरंगने गंज सोडला नाही, मी कुंडी सोडली नाही. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. इतक्या जवळून आम्ही एकमेकांकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच गोष्ट होती, की समोरच्याच्या हातून तुटावं.

कुंडी वर आली आणि मध्येच अडली. सगळी मुळं सुटली होती, तरी काहीतरी धरून होतं. मी वाकून बघितलं. त्यानेही बघितलं.

तो दांडा होता. फुलाचा दांडा. बोटभर वाढून तो खाली वळला होता आणि त्याचं हिरवं टोक गंजाच्या काठाला, आतल्या बाजूने, घट्ट चिकटलं होतं.

फुलाचा दांडा कशाला चिकटत नाही. तो उजेडाकडे वर जातो. हे त्यालाही माहीत होतं, कारण त्यानेही माझ्यासारखंच कुठून कुठून विचारून घेतलं असणार. चिकटतं ते मूळ. दोघांनीही ते टोक पाहिलं होतं, आणि दोघांनाही तिथे फूल दिसत होतं.

“मूळ आहे,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

आत्या म्हणाली, म्हणजे यंदाही फुलणार नाही का? श्रीरंगने खिशातून पेन काढलं, ज्याने तो रात्रभर दुसऱ्यांच्या चुका सुधारायचा, आणि त्याच्या टोपणाच्या कडेने ते शेवटचं मूळ काठापासून हळूहळू सोडवलं. तुटू न देता. मग गंजावरचे हात काढले.

“ने,” तो म्हणाला.

झाड माझ्या हातात होतं. अर्धी मुळं गंजाला चिकटून राहिलेली, पांढरी, ओली. मी जिंकले होते. तिथून तडक निघायचं एवढंच उरलं होतं, पण माझा पाय निघेना. म्हटलं, हे मेपर्यंत पुन्हा मूळ धरेल, पण मे महिन्यात हे माझ्याकडे मरणार. आणि ते कसं वाचवायचं ते फक्त या माणसाला माहीत आहे. त्याला विचारण्यापेक्षा जीभ तोडलेली बरी वाटत होती.

मी विचारलं. “गोणपाट किती ओलं?”

“पिळून,” तो म्हणाला. “टपकायला नको. पाय ठेवला तर गार लागलं पाहिजे, ओला नाही झाला पाहिजे.”

“झडप अर्धी का?”

“पूर्ण उघडली तर लू येते. बंद केली तर बुरशी येते. पानांवर काळे ठिपके दिसले तर समज हवा कमी पडून राहिली.”

मी मान हलवली. तो उगाच सांगत नव्हता. अर्धं वाक्य टाकत नव्हता, टोमणा मारत नव्हता. एखाद्या बदली झालेल्या माणसाने दुसऱ्याला टेबलाचा चार्ज द्यावा तसं सांगत होता. मग म्हणाला, “आणि रात्री? कूलरच्या किती जवळ?”

त्याला आता त्याचा काही उपयोग नव्हता. झाड माझ्या हातात होतं, कूलर माझ्या वडिलांनी दिलेला, खाली टेम्पोत चढला होता. तरी मी सांगितलं. पलंगाच्या पायथ्याशी, जिथे पडदा हलतो पण पान हलत नाही तिथे. ताटीवर पाणी सोडायचं ते आधी, नंतर झाड ठेवायचं. पहाटे कूलर बंद केल्यावर पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं असेल तर कापसाने टिपून घ्यायचं, नाहीतर मधला कोंब सडतो.

“पहाटे म्हणजे मी यायच्या आधी,” तो म्हणाला.

“तू यायच्या आधी.”

त्याने ऐकून घेतलं. आमच्या अख्ख्या संसारात आम्ही एकमेकांचं मध्ये न तोडता ऐकून घेतलं ते एवढंच. आत्याला वाटलं, काहीतरी जुळतंय. तिने हळूच म्हणून बघितलं, की बसा ना दोघं थोडं, मी चहा टाकते. श्रीरंग म्हणाला, चहाचं भांडं गेलं टेम्पोत. मी म्हटलं, माझ्या नावाचं होतं. आणि मी झाड घेऊन जिना उतरले. वर दार लागल्याचा आवाज मी पहिल्या मजल्यावर पोचायच्या आत आला.

टेम्पोत मी पुढे बसले, कुंडी मांडीवर घेऊन. दादा खामल्याला पोचल्यावर एवढंच म्हणाला, की तुझ्या खोलीच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला आहेत.

त्या वर्षी मे महिन्यात मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी जायची. ओढणी तोंडाला गुंडाळून, स्कुटीवरून, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. ऑफिसात सगळे म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. मी गोणपाट पिळायची, झडप अर्धी करायची, उभ्या उभ्या दोन घास खायची आणि परत निघायची. रात्री कूलर, पहाटे कापूस. त्याची पाळी आणि माझी पाळी, दोन्ही मीच करत होते. झाडासाठी करत होते असं नाही. हे एका माणसाला जमतं, हे मला दाखवायचं होतं. त्याच्यावाचून काहीही अडत नाही, हे.

आणि अडलं नाही. मुळं पुन्हा धरली. आणखी दोन उन्हाळे गेले आणि तिसऱ्या थंडीत पानाच्या बगलेतून टोक आलं. मी रोज पहाटे टॉर्च लावून बघायची, वाकतंय का. ते वाकलं नाही. वर गेलं, खिडकीकडे, आणि त्याच्यावर कळ्या धरल्या.

पहिलं फूल उमललं त्या दिवशी रविवार होता. मी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. पांढरं, मध्ये जांभळा ठिपका, सत्काराच्या टेबलावर होतं अगदी तसंच. शेजारच्या उमाठेवहिनी आल्या, म्हणाल्या, अय्या किती सुंदर, खरं आहे की प्लॅस्टिकचं? दादाला फोन केला, तो म्हणाला, बघ मी म्हटलं नव्हतं? त्याने काय म्हटलं होतं ते त्यालाही आठवत नव्हतं. सगळ्यांनी चांगलंच म्हटलं आणि माझं कुणाच्याच बोलण्याने समाधान होईना. अंगात नुसता राग भरत होता. संध्याकाळ झाली तेव्हा तो कशाचा ते माझ्या ध्यानात आलं. ते फूल उन्हाळ्यांच्या किती दुपारी आणि किती रात्री काढून तिथवर आलंय, हे न सांगता कळेल असा माणूस सबंध नागपुरात एकच होता.

फोन हातात घेतला होता. नंबर पाठ होता, अजून आहे.

मी त्याला कळवलं नाही. आत्यालाही नाही, तिने सांगितलं असतं. दांड्यावरची सगळी फुलं उमलली, तीन महिने टिकली आणि एकेक करून गळली. तेव्हापासून दर हिवाळ्यात येतात. झाड आता माझं एकटीचं आहे. मला तेच हवं होतं.